फाइव्ह-स्टार पोरं आणि ‘फुसका बार’चा शिक्का

2013 चा नोव्हेंबर महिना. शिकागोतला क्लिफ अलेक्झांडर हा शाळकरी बास्केटबॉलपटू टीव्ही कॅमेऱ्यांसमोर बसला होता. समोर टेबलावर वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या. तो जी टोपी घालेल, त्या कॉलेजकडून पुढच्या वर्षी खेळणार. त्याने आधी आपल्याच राज्यातल्या इलिनॉय विद्यापीठाची टोपी हातात घेतली. तिथले चाहते जल्लोष करणार, एवढ्यात त्याने ती खाली ठेवली आणि कॅन्सस विद्यापीठाची टोपी उचलली.

इलिनॉयचे चाहते भडकले, कॅन्ससचे खूश झाले. कारण क्लिफ हा त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम शाळकरी खेळाडूंपैकी एक, म्हणजे ‘फाइव्ह-स्टार’ होता. पण कॅन्ससकडून त्याने एकच हंगाम खेळला आणि सामन्यामागे सरासरी 7.1 गुण केले. हंगामाच्या शेवटी नियमांसंबंधीच्या एका चौकशीमुळे त्याला बाहेर बसावं लागलं. 2015 च्या जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये 60 खेळाडूंची निवड झाली. त्यात क्लिफचं नाव नव्हतं.

आजही अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे चाहते गप्पांना बसले, की एक विषय हमखास निघतो : आपल्या कॉलेजला सर्वांत जास्त निराश करणारा खेळाडू कोणता? अशा खेळाडूसाठी त्यांचा एक शब्द आहे, ‘बस्ट’. आपल्या भाषेत फुसका बार. मोठा आवाज होईल म्हणून सगळ्यांनी कानावर हात ठेवले आणि वात नुसतीच विझली!

हा वाद ऐकायला मजेशीर आहे. पण ज्याच्याबद्दल तो चालतो, तो मुलगा बहुतेक वेळा 17-18 वर्षांचा असतो. म्हणूनच शिक्का मारण्याआधी या मुलांच्या बाबतीत खरंच काय घडलं, ते पाहायला हवं.

हे स्टार देतं कोण?

अमेरिकेत शाळांच्या संघांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या 5 लाखांहून जास्त आहे. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. त्यातल्या नामवंत कॉलेजांना सर्वोत्तम मुलं हवी असतात. त्यांना शिष्यवृत्ती देऊन संघात आणण्याच्या या खटाटोपाला ‘रिक्रूटिंग’ म्हणतात आणि अशा मुलांना ‘रिक्रूट’.

247 स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा संस्थांचे जाणकार वर्षभर शाळांचे सामने आणि उन्हाळी स्पर्धा बघत फिरतात. ते प्रत्येक मुलाला स्टार देतात आणि देशभरातल्या मुलांची क्रमवारी लावतात. पाच स्टार सर्वांत वरचे, वर्षाला साधारण पंचवीस-तीस मुलांनाच मिळणारे. त्यातूनच मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन या प्रदर्शनीय सामन्यासाठी देशभरातून 24 मुलं आणि 24 मुली निवडल्या जातात.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. तिकडे ते पाय मोजून त्यांना क्रमांकही देतात.

त्यात 2006 च्या ड्राफ्टपासून एनबीएचा एक नियम लागू झाला. ड्राफ्टच्या वर्षात खेळाडू 19 वर्षांचा होत असला पाहिजे, आणि अमेरिकन मुलांच्या बाबतीत शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. त्यामुळे सर्वांत गुणी मुलं एक वर्ष कॉलेजात खेळतात आणि पुढे जातात. याला ‘वन अँड डन’ म्हणतात. थोडक्यात, चाहत्यांच्या हाती नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचे पाच महिने असतात. एवढ्या काळात पोराने चमकावं, संघाला मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत नेावं आणि जमल्यास ती जिंकूनही द्यावी, अशी अपेक्षा असते.

पहिला वाद : घाई कोणाला झाली होती?

हॅरिसन बार्न्स हा आयोवा राज्यातल्या एम्स गावचा मुलगा. 2010 मध्ये तो देशातला पहिल्या क्रमांकाचा रिक्रूट मानला गेला आणि नॉर्थ कॅरोलिनाकडे आला. त्याने कॉलेजात एकही सामना खेळण्याआधी असोसिएटेड प्रेसने त्याला हंगामपूर्व ऑल-अमेरिका संघात घेतलं. पहिल्याच वर्षाच्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग हंगाम सुरू झाला आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचे नेम चुकू लागले. लगेच कुजबुज सुरू झाली : एवढा गाजावाजा याच्यासाठी होता का? पण मार्च 2011 मध्ये त्यांच्या विभागाच्या स्पर्धेत क्लेम्सनविरुद्ध त्याने एकट्याने 40 गुण केले. त्याने पहिल्या हंगामात सरासरी 15.7 आणि दुसऱ्यात 17.1 गुण केले.

तरीही वाद मिटला नाही. एक बाजू म्हणते, पहिल्या क्रमांकाच्या मुलाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून द्यायला हवं होतं, ते काही मिळालं नाही. दुसरी बाजू म्हणते, दोन्ही वर्षं 15 च्या वर सरासरी ठेवणाऱ्या मुलाला फुसका कसं म्हणायचं? खरं तर दोघांसमोर आकडे एकच आहेत, मोजपट्ट्या वेगळ्या. पहिली बाजू त्याला त्याच्या क्रमांकाशी ताडून बघते, दुसरी बाकीच्या खेळाडूंशी. अशा बहुतेक वादांचं मूळ इथेच असतं.

दुसरा वाद : दुखापत मोजायची की नाही?

हॅरी जाइल्स हा 2016 च्या वर्गातल्या अगदी वरच्या नावांपैकी एक. उंच, चपळ, चेंडू हाताळण्यात तरबेज. तो ड्यूक विद्यापीठात आला तेव्हा त्याच्याकडून फार मोठ्या आशा होत्या. प्रत्यक्षात त्याने 26 सामन्यांत सरासरी 3.9 गुण केले.

आता त्याआधीचा इतिहास बघा. 2013 मध्ये अमेरिकेच्या 16 वर्षांखालील संघाकडून खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. 2015 मध्ये उजवा गुडघा गेला. ड्यूकमध्ये आल्यावर हंगामाच्या तोंडावर डाव्या गुडघ्यावर पुन्हा एक शस्त्रक्रिया झाली. 19 वर्षांचा होण्याआधी दोन्ही गुडघे दुखावलेला हा मुलगा मैदानात उतरत होता, हीच मोठी गोष्ट होती. बरेच चाहते अशा खेळाडूंना यादीतून वगळतात, आणि ते योग्यच आहे. पण काही जण म्हणतात, आम्ही निकालाबद्दल बोलतोय, दोषाबद्दल नाही. इथे गोची अशी, की ‘बस्ट’ हा एकच शब्द दोन्हीसाठी वापरला जातो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र दोषच पडतो.

तिसरा वाद : तयार नव्हता, की चुकीच्या जागी होता?

स्काल लाबिसिएर मूळचा हैतीचा. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात त्याचं घर कोसळलं तेव्हा तो 13 वर्षांचा होता. सुमारे तीन तास तो ढिगाऱ्याखाली अडकून पडला होता. त्यातून वाचल्यावर तो अमेरिकेत, टेनेसीतल्या मेम्फिस शहरात आला आणि तिथे बास्केटबॉलमध्ये नाव कमावलं. 2015 मध्ये तो देशातल्या सर्वोत्तम रिक्रूटांपैकी एक म्हणून केंटकी विद्यापीठात दाखल झाला.

केंटकी म्हणजे या खेळाचं पंढरपूरच. तिथे पहिल्या वर्षीच चमकणाऱ्या मुलांची रांग लागलेली. स्कालची उंची 6 फूट 11 इंच, पण अंगाने सडपातळ. बास्केटखाली धिप्पाड खेळाडूंशी झटापट करायची वेळ आली की तो मागे ढकलला जायचा. लांबून नेम साधणं ही त्याची ताकद होती, पण संघाला त्याच्याकडून बास्केटजवळची दांडगाई हवी होती. सरासरी 6.6 गुणांवर हंगाम संपला आणि त्याचं नाव ‘फुसक्या’ यादीत गेलं.

पुढच्याच वर्षी, मार्च 2017 मध्ये, सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत खेळताना त्याने फिनिक्स सन्सविरुद्ध 32 गुण केले. नंतर तो एनबीएचा मोठा तारा झाला नाही. पण तो अगदी नालायक होता, असंही म्हणता येत नाही. शाळेत आपल्याहून फूटभर बुटक्या मुलांसमोर जे सहज जमतं, ते कॉलेजात 22-23 वर्षांच्या पिळदार खेळाडूंसमोर जमायला काही जणांना वेळ लागतो. स्कालला तो वेळ केंटकीत मिळाला नाही.

चौथा वाद : पोरं जिंकली, संघ हरला

हे उदाहरण अगदी अलीकडचं. 2024-25 च्या हंगामात न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाकडे एकाच वर्षी देशातल्या पहिल्या तिघांत गणले जाणारे दोन रिक्रूट आले : डिलन हार्पर आणि एस बेली. रटगर्ससारख्या संघासाठी ही लॉटरीच होती. दोघं चांगले खेळले. पण संघाने 15 सामने जिंकले, 17 हरले आणि मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागाही मिळाली नाही. जून 2025 च्या ड्राफ्टमध्ये मात्र हार्पर दुसऱ्या आणि बेली पाचव्या क्रमांकावर निवडला गेला.

आता सांगा, ही दोघं अपयशी म्हणायची का? कॉलेजच्या चाहत्याला विचाराल तर तो निराश आहे. एनबीएच्या चाहत्याला विचाराल तर तो खूश आहे. याआधी 2016 मध्ये लुइझियाना स्टेटचा बेन सिमन्स आणि 2017 मध्ये वॉशिंग्टनचा मार्केल फुल्ट्झ यांच्या बाबतीतही असंच झालं होतं. दोघांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिले आणि दोघं ड्राफ्टमध्ये पहिले आले. पाच जणांच्या खेळात एक-दोघांच्या जिवावर किती ओढता येतं, याचा विचार अपेक्षा ठेवताना कमीच होतो.

पाचवा वाद : पंधराव्या वर्षी मासिकाच्या मुखपृष्ठावर

एमोनी बेट्सची गोष्ट मात्र पालकांनी जरूर वाचावी अशी आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावचा हा मुलगा ऑक्टोबर 2019 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला. वय 15. त्याची तुलना मॅजिक जॉन्सन, मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांच्याशी झाली. पुढच्या वर्षी शाळकरी खेळाडूंसाठीचा गेटोरेड राष्ट्रीय पुरस्कार त्याने दहावीत असतानाच पटकावला. इतक्या लहान इयत्तेतल्या मुलाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग त्याने शाळा एक वर्ष लवकर आटोपली आणि 2021 मध्ये वयाच्या 17 व्या वर्षी मेम्फिस विद्यापीठाकडून खेळायला उतरला. मध्येच पाठीच्या दुखण्याने बराच काळ बाहेर बसला. सरासरी 9.7 गुण. देशभरात चर्चा झाली : एमोनी संपला! पण शाळा लवकर संपवली नसती, तर त्या हंगामात तो बारावीतच शिकत असता. वय कमी असल्यामुळे 2022 च्या ड्राफ्टमध्ये त्याला उतरताही आलं नाही.

पुढच्या वर्षी तो घराजवळच्या ईस्टर्न मिशिगनकडे गेला. संघ दुबळा होता, पण एमोनीने सरासरी 19.2 गुण केले. जानेवारी 2023 मध्ये टोलेडोविरुद्ध तर संघाचे सलग 29 गुण त्याच्या एकट्याचे होते, एकूण 43. सामना मात्र संघ हरलाच. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडने त्याला 49 व्या क्रमांकावर घेतलं.

49 वा क्रमांक म्हणजे त्या वर्षी जगभरातून निवडलेल्या मोजक्या खेळाडूंपैकी एक. कोणत्याही दुसऱ्या मुलाच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले गेले असते. एमोनीच्या बाबतीत मात्र ती घसरण ठरली, कारण पंधराव्या वर्षी त्याच्यासमोर जॉर्डनची पाटी टांगली गेली होती. ती पाटी टांगणारी सगळी माणसं मोठी होती.

निकाल फिरतो तेव्हा

घाईने दिलेला निकाल कधी कधी तीन आठवड्यांत उलटतो. 2013-14 मध्ये केंटकीकडे सहा मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन नवे आले होते. त्यात ॲरन आणि अँड्र्यू हॅरिसन हे जुळे भाऊ. हंगामाआधी संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. प्रत्यक्षात हार पाठोपाठ हार झाली आणि जुळ्या भावांवर टीकेची झोड उठली. राष्ट्रीय स्पर्धेत संघाला जेमतेम आठवं मानांकन मिळालं.

आणि मग ॲरनने लागोपाठ तीन सामन्यांत, लुइव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिनविरुद्ध, अगदी शेवटच्या क्षणांत लांबून तीन गुणांचे नेम साधले. केंटकी थेट अंतिम सामन्यात पोहोचली. तिथे कनेटिकटकडून 60-54 अशी हार झाली, पण फेब्रुवारीत शिव्या देणारे चाहते एप्रिलमध्ये त्याचं नाव घेऊन नाचत होते. ॲरनला पुढे एनबीए ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. तरी केंटकीत त्याला फुसका बार म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आजोबा, वडील आणि नातू

अपेक्षेला घराण्याचं नाव जोडलं गेलं, की ओझं आणखी वाढतं. केंटकीकडून 2023 मध्ये उतरलेला डीजे वॅगनर बराच काळ आपल्या वर्गात पहिल्या क्रमांकावर गणला जात होता. आजोबा मिल्ट वॅगनर 1986 च्या विजेत्या लुइव्हिल संघात होते. वडील डाहुआन यांनी शाळेच्या एका सामन्यात 100 गुण केले होते. तीन पिढ्या मॅकडोनाल्ड्स सामन्यात खेळलेलं हे पहिलंच घराणं.

डीजेने सरासरी 9.9 गुण केले. अठरा वर्षांच्या मुलासाठी बरेच, वॅगनर आडनावासाठी कमी! मार्च 2024 मध्ये पहिल्याच फेरीत केंटकीला ओकलंड या छोट्या विद्यापीठाने हरवलं. तो सामना गाजवला जॅक गोल्कीने. हा पठ्ठ्या आधीची पाच वर्षं खालच्या डिव्हिजनमधल्या हिल्सडेल कॉलेजात होता. त्या दिवशी त्याने तीन गुणांचे दहा नेम साधले. समोर देशातली सर्वांत नावाजलेली पोरं, आणि जिंकला तो ज्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

आता पैसाही आला

पूर्वी चाहत्यांची निराशा भावनेची होती. जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती आणि करार करून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. अनेक कॉलेजांच्या चाहत्यांनी आणि देणगीदारांनी एकत्र येऊन त्यासाठी निधी उभारले. 2025 पासून कॉलेजंही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्यायाचंच आहे, इतकी वर्षं त्यांच्या खेळावर इतरच कमावत होते. पण खिशातून पैसे गेले की चाहत्याची भाषा बदलते. ‘पोरगा कमी पडला’च्या जागी ‘पैसे वाया गेले’ असं ऐकू येतं.

शिवाय आता कॉलेज बदलणं सोपं झालंय. त्यामुळे बरेच कोच कोवळ्या फाइव्ह-स्टारऐवजी 22 वर्षांचा अनुभवी खेळाडू घेणं पसंत करतात. म्हणजे मुलाला मैदानात जागा मिळवायलाही आधीपेक्षा जास्त झगडावं लागतं.

भारताचा एक धागा

आपणही या वादापासून फार लांब नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2010 मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. उंची 7 फूट 2 इंच. कॉलेजात न खेळताच तो 2015 च्या ड्राफ्टमध्ये उतरला आणि डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएने ड्राफ्ट केलेला तो पहिला भारतीय. आपल्या चाहत्यांनीही लगेच मोठी स्वप्नं रंगवली. तो एनबीएच्या मुख्य हंगामात एकही सामना खेळू शकला नाही, तेव्हा निराशेचे सूर इथेही उमटले. 130 कोटी लोकांची आशा एकाच्या खांद्यावर ठेवली, तर खांदा कितीही रुंद असला तरी कमीच पडणार.

वाद घाला, पण आधी हे विचारा

चाहत्यांनी वाद घालू नये असं कोण म्हणेल? त्याशिवाय खेळात मजा काय! फक्त शिक्का मारण्याआधी चार प्रश्न विचारले, तरी बरंच चित्र बदलतं.

- त्या वेळी त्याचं वय काय होतं?
- तो दुखापतीतून उठला होता का?
- त्याला त्याच्या पद्धतीने खेळायला मिळालं, की भलतंच काम दिलं गेलं?
- तो कमी पडला, की आपण आधीच फार मोठं बोलून बसलो होतो?

हे प्रश्न फक्त बास्केटबॉलपुरते नाहीत. पाचवीत स्कॉलरशिपमध्ये चमकलेला, गाण्याच्या रिॲलिटी शोमध्ये गाजलेला, बुद्धिबळात ट्रॉफ्या आणणारा एखादा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घराच्या ओळखीत असते. ‘हिचं पुढे काय झालं हो?’ असं विचारताना आपल्या आवाजातही कधी कधी तोच सूर असतो.

आणि क्रमवारीवर फारच विश्वास असेल, तर बार्न्सकडे पुन्हा एकदा पाहा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. तीन वर्षं आधी याच संघाने सातव्याच क्रमांकावर आणखी एका खेळाडूला घेतलं होतं. तो शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आईवडील ज्या व्हर्जिनिया टेकमध्ये शिकले, तिथेही त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. शेवटी तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला.

त्याचं नाव स्टीफन करी. 2015 मध्ये वॉरियर्सने एनबीएचं विजेतेपद जिंकलं, तेव्हा देशातला पहिल्या क्रमांकाचा रिक्रूट आणि कुणालाच नको असलेला तो सडपातळ मुलगा एकाच संघात, एकाच करंडकाभोवती उभे होते.